पायाखालची ओल

ऑक्टोबरातला शनिवार होता. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडजवळच्या एका पार्किंगमध्ये फोर्डची लाल मस्टँग उभी होती. २००७ ची, कन्व्हर्टिबल, छत खाली केलेलं, काचेवर विक्रीची पाटी. एक तरुण जोडपं मराठीत बोलत तिच्याभोवती फिरत होतं. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला आणि समोरच्या लांबलचक बॉनेटकडे बघत राहिला. ती शेजारच्या सीटवर बसली, वाकली आणि डॅशबोर्डखाली जिथे पावलं टेकतात तिथे, नव्याकोऱ्या मॅटच्या कडेला, तळहात दाबला. हात वर घेऊन बोटं एकमेकांवर चोळली. "अरे, हे ओलं लागतंय." विकणारा म्हणाला, कालच आतून धुतली. तिने हात जीन्सला पुसला आणि बोलणं मायलेजकडे वळलं.

तो पुसलेला हात काही केल्या डोक्यातून जात नाही.

कोकणात मृग लागायच्या आधी घर शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली पुन्हा ओळीने लावायची. शाकारणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माजघरात जिथे पाणी ठिबकतं, त्याच्या बरोब्बर वरचं कौल बहुतेक वेळा धडधाकट असतं. फट असते वर आढ्याजवळ. तिथून शिरलेलं पाणी वाशाच्या पोटाला धरून चार हात खाली येतं आणि एखाद्या गाठीपाशी वाट सोडून पडतं. म्हणून तो ठिबकणाऱ्या जागेखाली पातेलं ठेवतो आणि स्वतः आढ्याकडे चढतो. उघड्या छताच्या गाडीचं सगळं दुखणं याच जातीचं आहे. जुनी कन्व्हर्टिबल घ्यायची तर इंजिनाच्या आधी पाण्याची वाट शोधावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. इंजिनाचा बिघाड आवाज करतो, दिवा लावतो, धूर सोडतो. पाणी गुपचूप बसून राहतं.

त्या मस्टँगचंच घ्या. विंडशील्डच्या पायथ्याशी, वायपरखाली काळ्या प्लास्टिकची जाळी असते. तिच्याखाली पत्र्याची आडवी पन्हळ, तिला काउल म्हणतात. काचेवरून ओघळलेला सगळा पाऊस या पन्हळीत उतरतो आणि दोन्ही टोकांच्या वाटांनी पुढच्या चाकांमागे जमिनीवर जातो. केबिनला ताजी हवा पुरवणारं तोंडही याच पन्हळीत उघडतं. गाडी दोन पानगळी झाडाखाली उभी राहिली की जाळीतून पानं आत जातात, कुजतात, त्यांचा काळा चिखल होतो आणि वाट बुजते. मग जोराच्या पावसात पन्हळ भरते आणि पाणी हवेच्या तोंडातून किंवा पत्र्याच्या जोडावरच्या सीलरला गेलेल्या भेगेतून आत उतरतं. २००५ ते २००९ च्या मस्टँगमध्ये हे दुखणं नेहमीचं आहे. पाणी उतरतं ते शेजारच्या सीटच्या पावलांपाशी, आणि नेमकं तिथेच, उजव्या पायाच्या बाजूच्या पॅनेलमागे, गाडीचा स्मार्ट जंक्शन बॉक्स बसवलेला आहे. फ्यूज, रिले आणि दिवे, वायपर, कुलपं सांभाळणारं सर्किट, सगळं एका डबीत. त्यात ओल गेली की वायपर कोरड्या दुपारी आपोआप फिरतात, काच अर्ध्यावर थांबते, रात्रीतून बॅटरी उतरते आणि एक दिवस किल्ली फिरवूनही काहीच होत नाही. नवी डबी, ती त्या गाडीपुरती प्रोग्रॅम करणं आणि मजुरी मिळून खर्च हजार डॉलरच्या घरात सहज जातो. वाट मोकळी न करता नुसती डबी बदलली, तर पुढच्या पावसाळी महिन्यात तीच कथा.

म्हणून पहिली तपासणी बसून करायची. मॅट उचला. गालिच्याच्या वरच्या थरावर विश्वास ठेवू नका, तो हेअर ड्रायरने तासाभरात सुकतो. खाली बोटभर जाडीचा फोम असतो, स्पंजासारखा, आणि त्यात शिरलेलं पाणी आठवडेच्या आठवडे राहतं. अंगठा सगळ्यात खोलगट जागी दाबून दहापर्यंत मोजा. कडेची उंबऱ्याची पट्टी बहुतेक गाड्यांत नुसत्या क्लिपांवर बसलेली असते. मालकाला विचारून ती उचलली की गालिच्याची कड सुटते आणि फोमखाली हात जातो. हात ओला आला किंवा कोरडाच पण गंजाचा तांबूस डाग घेऊन आला, तरी उत्तर मिळालं. सीटखालचे बोल्ट बघा, त्यांच्या डोक्यांवर गंज वरून सहसा येत नाही. मग छत आणि काचा बंद करून हीटर लावा, हवा आतल्या आत फिरू द्या आणि दहा मिनिटं गप्प बसा. काचेला आतून धूसर वाफ धरली आणि पावसाळ्यात न सुकलेल्या गोधडीसारखा कुबट वास वर आला, तर आरशाला टांगलेला सुगंधी पुठ्ठा कशासाठी होता ते कळतं.

पाणी वरून आलेलं एक आणि खालून आलेलं दुसरं. दुसरं जास्त वाईट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकायला आल्या तर त्या कशा दिसतात, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. न्यू जर्सीने २०१२ मध्ये सँडी आणि २०२१ मध्ये आयडाचं पाणी पाहिलं आहे. बुडालेल्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तसा शिक्का बसतो, पण गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन नवं टायटल काढताना तो गळून पडल्याचे प्रकार घडतात. म्हणून गाडीची ओळख असलेला सतरा आकडी-अक्षरी व्हिन नंबर घेऊन विमा फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या एनआयसीबीच्या फुकटच्या व्हिनचेकवर बघा, टायटलांची देशभरची नोंद ठेवणाऱ्या एनएमव्हीटीआयएसचा थोडक्या पैशांतला अहवाल काढा, आणि तरीही सीटबेल्ट पूर्ण शेवटापर्यंत बाहेर ओढा. बेल्टचा शेवटचा हातभर पट्टा कधीच कोणी धूत नाही. त्यावर गाळाची आडवी रेघ असेल तर कागद काहीही म्हणोत.

आणि याच ओलीचं सगळ्यात भयंकर रूप एअरबॅगमध्ये आहे. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत, अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षांची दमट हवा आणि उष्णतेचे चढउतार यांनी ते बिघडतं, आणि फुगताना धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात. अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले. २००५ ते २०१४ ची मस्टँग त्यात आहे, २००० ते २००६ च्या बीएमडब्ल्यू थ्री सीरीजही आहेत, आणि २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने त्या काळातल्या सुमारे ९० हजार गाड्यांच्या मालकांना गाडी चालवूच नका असं कळवलं. दुरुस्ती फुकट होते. एनएचटीएसए या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेच्या पानावर व्हिन टाकायला एक मिनिट लागतं. सौद्याच्या आधी हे मिनिट कुणीही चुकवू नये. ही पैशांची गोष्ट नाही, शेजारी बसणाऱ्या माणसाच्या मानेची आहे.

आता छत. विकणारा ते नेहमी आधीच उघडून ठेवतो, कारण उघडी गाडी देखणी दिसते. म्हणून गेल्या गेल्या ते बंद करायला सांगा. इंजिन चालू ठेवून, गाडी जागेवर उभी असताना, तीनदा उघडायचं आणि तीनदा मिटायचं. मागच्या सीटच्या पाठीमागून येणारा पंपाचा आवाज ऐका. एकसारखी घरघर हवी. आवाज मध्येच चढला, अडखळला, तर तेल कमी आहे किंवा आत हवा शिरली आहे. एक बाजू पुढे आणि दुसरी लंगडत मागून येत असेल तर त्या बाजूचा सिलिंडर गळतोय किंवा सांगाडा वाकलाय. मस्टँगच्या या पिढीत छत वर आल्यावर विंडशील्डच्या चौकटीला दोन आकडे हाताने लावावे लागतात. दोन्ही सारख्याच जोराने बसायला हवेत. एकासाठी छत खाली ओढून धरावं लागलं, तर चौकट तिरकी आहे. बीएमडब्ल्यूच्या त्या थ्री सीरीजमध्ये सगळं आपोआप होतं, पण कापडाच्या आत इलास्टिकच्या पट्ट्या असतात, मिटताना कापड आत ओढून घेण्यासाठी. वयाने त्या लुळ्या पडतात, कापड बाहेर फुगून सांगाड्याच्या सांध्यात चिमटतं आणि दर वेळी त्याच जागी घासतं. पट्ट्या स्वस्त आहेत, घासून गेलेलं कापड महाग. मर्सिडीजच्या सीएलकेमध्ये आरशाच्या वर, छताच्या पुढच्या कडेत, कुलुपाचा हायड्रॉलिक सिलिंडर असतो. त्याचं सील गेलं की तेल थेंबाथेंबाने चालवणाऱ्याच्या मांडीवर पडतं. आरशाभोवतीच्या कापडावर बोट फिरवून बघावं. चिकट लागलं तर सिलिंडर काढून नवी सीलं घालणारे कारागीर शोधावे लागतात. नवा सिलिंडर घेण्यापेक्षा ते पुष्कळ कमी खर्चात होतं.

कापडाची परीक्षा अंधारात. गाडी गॅरेजमध्ये घ्या, छत बंद करा, आत बसा आणि बाहेरून कुणाला तरी टॉर्च फिरवायला सांगा. सांगाड्याच्या कोपऱ्यांवर, जिथे कापड दर वेळी दुमडतं, तिथे सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. दोन-चार असतील तर ठिगळ निभावतं. ठिपक्यांची रांग दिसली तर कापड संपलं, आणि चांगल्या कारागिराकडून नवं घालायला साधारण दीड ते अडीच हजार डॉलर धरावेत. मागची काच चिकटवलेली असते. तिचे खालचे दोन कोपरे आतून हलके दाबा. नखाएवढी फट उघडली तरी गोंद सुटत चालला आहे, आणि तो एका कोपऱ्यावर थांबत नाही.

मग पाण्याची खरी परीक्षा. मालकाची परवानगी घ्या. बागेच्या नळीचं तोंड काढून टाका. जोराची धार नको, पावसासारखं सावकाश पाणी हवं. सुरुवात खालून करायची, शाकारणाऱ्याच्या उलट. आधी दोन लिटर पाणी तांब्याने काउलच्या उजव्या कोपऱ्यात ओता आणि वाकून बघा, ते पुढच्या चाकामागे जमिनीवर पडतंय का. मग दरवाज्याची खालची कड, मग काचेची कड, मग छताची पुढची पट्टी, सगळ्यात शेवटी वर. प्रत्येक जागेला पाच मिनिटं. एकदम वरूनच ओतलं तर सगळंच भिजतं आणि वाट सापडत नाही. आत एक माणूस टॉर्च आणि कोरडी टिश्यू पेपरची घडी घेऊन बसलेला असावा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच उठते. छत मिटून जिथे बसतं तिथल्या कप्प्याच्या कडेला बऱ्याच गाड्यांत निचऱ्याच्या नळ्या असतात. त्या मागच्या चाकांच्या पुढे खाली उघडतात. दोन्ही बाजूंना सारखी धार पडली पाहिजे. एक बाजू कोरडी राहिली तर नळी तुंबली. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हळूहळू सरकवून ती मोकळी होते. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. नळी आतल्या जोडातून निसटते आणि मग निचरा जमिनीऐवजी पत्र्याच्या पोटात होतो. डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातही हात घालून बघाच.

दरवाजे या गाड्यांचे लांब आणि जड असतात, पक्क्या छताची कूपे असो की कन्व्हर्टिबल. उघड्या दरवाज्याचं टोक धरून हलकं वर उचला. बिजागरीत खेळ असेल तर हाताला ठक् असा झटका लागतो. काचेला वर चौकट नसते, म्हणून पुष्कळ मॉडेलांत दरवाजा उघडताना काच आपोआप थोडी खाली येते आणि मिटल्यावर वर जाऊन रबरात बसते. ही छोटी हालचाल बंद पडली असेल तर काच दर वेळी रबर ओरबाडत जाते आणि गळतीला नवी वाट मिळते. अशा गाडीच्या रबरावर बोट फिरवलं की कडेला चरे लागतात.

छत कापलं की त्याचा भार उंबऱ्यांवर येतो, हे विसरता कामा नये. साध्या गाडीत उंबरा गंजला तर वाईट, इथे उंबरा हाच कणा. न्यू जर्सीत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, ते खालच्या जोडांत शिरतं. गाडी लिफ्टवर घेतली की उंबऱ्यांना आणि जॅक लावायच्या जागांना बोथट स्क्रूड्रायव्हरने टोकून बघा. आवाज टणक हवा. मग चाकं हवेत असतानाच दरवाजा उघडून मिटा. जमिनीवर सहज मिटणारा दरवाजा वर अडकला, फट वरती रुंद आणि खाली अरुंद झाली, तर कणा वाकतोय. अशी गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. लिफ्ट नसेल तर एक पुढचं चाक रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावर चढवून हेच करता येतं.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण ते बघणारे पुष्कळ भेटतात. गाडी थंडच बघायला मागा, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट असेल तर कुणीतरी आवाज लपवण्यासाठी आधीच चालू करून ठेवली आहे. मस्टँगच्या ४.० लिटर व्ही६ मध्ये टायमिंग चेन पुढे एक आणि मागे एक असते. सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड झाली तर प्लास्टिकचे मार्गदर्शक तुकडे झिजलेत, आणि मागच्या चेनसाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ४.६ च्या व्ही८ मध्ये २००८ पर्यंतचे स्पार्क प्लग दोन तुकड्यांचे होते, काढताना खालचा तुकडा तुटून आतच राहतो. ते बदलल्याची पावती असेल तर त्या कागदाला खरंच किंमत आहे. बीएमडब्ल्यूत कूलंटची प्लास्टिकची टाकी, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट ६० ते ८० हजार मैलांच्या दरम्यान एकदम बदलायचे, नाहीतर टाकी उकलून इंजिन तापतं. २००४ ते २००८ ची टोयोटा सोलारा खाली कॅम्रीच आहे, तिचा ३.३ लिटर व्ही६ टायमिंग बेल्टवर चालतो आणि तो ९० हजार मैलांना बदलायचा असतो. तेवढं केलेलं असेल तर शांतपणे वापरायला तिच्यासारखी दुसरी नाही. वीसेक डॉलरचा स्कॅनर लावून रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या संगणकाने स्वतःच्या चाचण्या पुऱ्या केल्या का याची नोंद, बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर बॅटरी नुकतीच काढली आहे किंवा बिघाडाचे कोड कालच पुसले आहेत. मस्टँगच्या बॉनेटच्या पुढच्या कडेला रंग फुगलेला दिसतो. तो पत्रा ॲल्युमिनियमचा आहे, तांबडा गंज नसतो, पांढरी भुकटी असते. दिसायला वाईट, पण सौदा मोडण्याजोगं नाही.

आणि हे सगळं नोव्हेंबरात करा. एप्रिलमध्ये ऊन पडलं की प्रत्येकाला उघडी गाडी हवी असते. पानगळीनंतर भाव उतरतात, आणि पानगळीच्या पावसानंतर गाडी खोटंही बोलू शकत नाही. स्वतः हे सगळं पाहिल्यावरही शेवटी त्रयस्थ गॅरेजात, विकणाऱ्याने सुचवलेल्या नव्हे, दीडशे ते तीनशे डॉलर देऊन एकदा तपासून घ्यावी. विकणारा त्याला नाही म्हणाला तर तिथून निघावं.

त्या मुलीचा हात इतक्या बरोबर जागी पडला होता. कुणी शिकवलेलं नसताना, कुठल्या यादीत न वाचता, तिने वाकून गाडीतली सगळ्यात महत्त्वाची जागा दाबली होती. पट्टी उचला म्हणायला हवं होतं, एवढंच राहिलं. त्या क्षणी तो स्टिअरिंगवर खुशीत बसला होता आणि त्याच्या खुशीवर ओला हात ठेवायला तिला जड गेलं असावं. ते समजतं. लाल गाडी, निळं आभाळ, पाठीवर ऊन. असं काहीतरी आपलं असावं असं वाटण्यात गैर काहीच नाही. म्हणून तर तिला कोरड्या पायाची गाडी मिळायला हवी.

दोन आठवड्यांनी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, ती मस्टँग तिथेच होती. पाटी तीच, किंमत पाचशेने खाली. छत वर केलेलं. उजव्या काचेला आतून धुकं धरलेलं, डाव्या काचेला नाही. वायपरखालच्या काळ्या जाळीत मेपलची पानं अडकली होती, लाल, ओली, एकावर एक.